माळ्यावर लपलेला श्याम

‘श्यामची आई’ वाचलेल्या कुणालाही श्याम कसा होता असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं. हळवा, आईवेडा, जरासा रडका. भित्रा होता असं सहसा कुणी सांगत नाही. वास्तविक पुस्तकाने ते मुळीच झाकलेलं नाही. गावातल्या विहिरी भरल्यात, पोरं धपाधप उड्या टाकतायत, नवशिक्यांच्या कमरेला तरंगण्यासाठी सुखड बांधून त्यांना पाण्यात सोडलं जातंय, आणि हा मुलगा घरात माळ्यावर दडून बसलाय. आई शिंपटी घेऊन त्याला शोधते, चांगले वळ उठेपर्यंत मारते आणि विहिरीवर पाठवते. नंतर तीच आई त्याला जवळ घेते. माझ्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेलं मला चालणार नाही, एवढंच तिचं म्हणणं.

ही प्रस्तावना त्या माळ्यावरच्या मुलासाठी आहे. आईवर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि तेव्हापासून वनमालाबाईंचा चेहरा आणि माधव वझ्यांचा छोटा श्याम हेच महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे राहिले. चित्रपट चांगलाच होता. पण त्यानंतर पुस्तक आईचं झालं आणि श्याम तिच्या पदराआड गेला. खरं तर या गोष्टीला एक लांबचा प्रवास आहे. विहिरीला घाबरणारा मुलगा पुढे देवळाच्या दारात प्राण पणाला लावून बसतो. हा प्रवास एका पुस्तकात मावत नाही. ‘श्यामची आई’नंतर ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ असे तीन खंड आहेत, आणि त्यांच्यापुढचं उरलेलं पुस्तक साने गुरुजींनी कागदावर न लिहिता जगून पुरं केलं.

याला कादंबरी म्हणावं की आत्मकथा, हा वाद जुना आहे आणि मला त्यात फारसं स्वारस्य नाही. पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव पालगड, तालुका दापोली. श्यामचं घर, कर्ज, भाऊबंदकी, आईचं आजारपण हे सगळं त्यांचंच. पण लिहिताना त्यांनी निवड केली, रात्रींची बांधणी केली, आश्रमातल्या सोबत्यांना प्रार्थनेनंतर रोज एक आठवण सांगणारा मोठा श्याम उभा केला. एवढं केल्यावर ती कादंबरीच होते, आयुष्य कुणाचंही असो.

गुरुजी काम करते झाले ते मात्र खानदेशात. मग या गोष्टीत खानदेशाचं काय, असं वाचक विचारील. श्याम पक्का कोकणातला. त्याच्या बोलण्यात पऱ्ह्या, वाडी, आगर. जळगाव-धुळ्याच्या मुलाला यातलं अर्धं शिक्षकाने समजावून द्यावं लागतं. खानदेशाची आई म्हणाल तर ती असोद्याची कवयित्री बहिणाबाई. तरीही माझं म्हणणं असं, की श्याम नावाचा मुलगा पालगडला जन्मला असला तरी त्याची भीती कशी गेली हे सांगण्याची पात्रता लेखकाच्या अंगी खानदेशात आली. बोरीच्या आणि पांझरेच्या काठावरचं ते पाच-सात वर्षांचं आयुष्य काढून टाकलं, तर ‘श्यामची आई’ फार तर एक गोड आठवणींची वही उरली असती.

साने अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान शिकायला. श्रीमंत प्रतापशेटांच्या आश्रयाने १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं होतं. सुरत-भुसावळ लाइनीवरच्या, बोरी नदीच्या काठच्या, सखाराम महाराजांच्या या गावात शांकर वेदान्ताचं अध्ययन चालायचं. कोरडी चर्चा या माणसाला मानवली नाही. १९२४ साली ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि लवकरच छात्रालयही त्यांच्याकडे आलं.

त्या छात्रालयात काय झालं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. मुलं आसपासच्या खेड्यांतली, घरी अहिराणी किंवा लेवा बोलणारी, आईबापांपासून पहिल्यांदाच लांब आलेली. साने सर पहाटे उठून त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं घड्या घालून ठेवायचे, मळके कपडे धुवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलं शरमून स्वतःच उठायला लागायची. रात्री सगळी निजली की सर कंदिलाजवळ बसून ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. हे हाताने लिहिलेलं रोजचं वर्तमानपत्र सकाळी मुलांना वाचायला मिळे. त्यात जगातल्या बातम्या असत, थोरामोठ्यांच्या गोष्टी असत आणि कालच्या दिवसात कुठल्या मुलाचं काय चुकलं ते नाव न घेता सांगितलेलं असे. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक निघालं. आईने पत्रावळ लावायला शिकवताना श्यामला जी लाज वाटायला लावली, तिचाच हा अमळनेरी अवतार. फरक एकच पडला, आईची शिंपटी सरांनी कधी हातात घेतली नाही. मला वाटतं, शिंपटीवाचून भित्रं पोर माळ्यावरून खाली उतरतं का, हे त्यांनी या छात्रालयात करून पाहिलं.

उतरतं, पण का उतरतं ते महत्त्वाचं. दुसरा कुणीतरी आपलं काम करतोय हे पाहवत नाही म्हणून. श्यामच्या चारही खंडांत धीट होण्याची हीच एक वाट दिसते. तो कधीच स्वतःसाठी धीट होत नाही. शाळेत पुढे पुढे करणं, मैदानावर मारामारी, घर सोडून पळणं, असल्या प्रसंगांत तो डळमळतो किंवा फसतो. पुस्तकासाठी पैसे चोरतो आणि पकडला गेल्यावर कोसळतो. मात्र समोर धाकटा भाऊ, मित्र, म्हातारी बाई असं कुणी आलं की पाय आपोआप पुढे पडतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोटाचं. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला घरी निघतो. पाऊस कोसळतोय, वडिलांची येऊ नको अशी ताकीद आहे. वाटेत पऱ्ह्या (ओढा) दुथडी भरून वाहतोय. विहिरीला भिणारा तोच मुलगा या पाण्यात उतरतो. गंमत अशी की गुरुजी त्याला इथे अजिबात शूर करत नाहीत. तो घाबरलेलाच आहे, मनात देवाचा आणि आईचा धावा चाललाय. कोट भिजू नये ही एक काळजी त्या भीतीपेक्षा मोठी झालीय, एवढंच. लेखक म्हणून गुरुजींवर भाबडेपणाचा आरोप करणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावं. भीती आणि धाडस एकाच मुलाच्या अंगात एकाच वेळी दाखवणं हे भाबड्या लेखकाचं काम नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह पेटला आणि साने सरांनी नोकरी सोडली. सभेत उभं राहायला लाजणारा, घरच्या आठवणीने डोळे भरून येणारा हा माणूस गावोगाव बोलत हिंडू लागला. अटक झाली. धुळ्याचा तुरुंग, मग थेट त्रिचनापल्ली. सुटून आल्यावर १९३२ च्या आरंभी पुन्हा धुळे. या दुसऱ्या खेपेला तिथे विनोबा भावे होते.

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवार, गीतेचे अठरा अध्याय. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी झरझर लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याकडे आहे ते या लेखणीच्या वेगामुळे. सोळाव्या रविवारी, ५ जूनला, दैवी संपत्तीचा अध्याय आला. गीतेने दिलेल्या गुणांच्या यादीत अभय सर्वांत पहिलं आणि निरभिमान सर्वांत शेवटी. विनोबांनी त्यावरून सांगितलं ते असं, की गुणांच्या फौजेत निर्भयता आघाडीला आणि नम्रता पिछाडीला उभी आहे. गुरुजींनी ते शब्दशः टिपलं. आठ महिन्यांनी त्यांनी एका भित्र्या मुलाची गोष्ट लिहायला घेतली. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतोय, गुरुजींनी कुठे तसं सांगितलंय असा माझा दावा नाही. पण एक गोष्ट मला अगदी उघड दिसते. रविवारमागून रविवार एक माणूस साध्या, छोट्या वाक्यांत बोलतोय, बाकीचे जमिनीवर बसून ऐकतायत आणि मध्येच कुणी हसतंय, हा अनुभव ‘श्यामची आई’च्या रात्रींच्या बैठकीत तसाच्या तसा उतरलाय. ते पुस्तक वाचायचं कमी आणि ऐकायचं जास्त आहे ते त्यामुळे.

धुळ्याहून नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला सुरुवात, १३ फेब्रुवारीच्या सकाळी बहुतेक सगळं लिहून झालं. दिवसा तुरुंगातलं काम आणि रात्री लेखन. पाच दिवसांत एवढं लिहिणाऱ्याकडे कारागिरीची अपेक्षा करू नये, हे खरं. काही रात्री पातळ आहेत, काही ठिकाणी उपदेश कथेच्या छातीवर बसतो. मी स्वतः त्या रात्री भराभर उलटतो.

मात्र मोळीची रात्र उलटू नये. भर दुपारी महार समाजातली एक थकलेली म्हातारी मोळी घेऊन चाललीय. मोळी पडते, ती उचलून डोक्यावर द्यायला कुणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. श्याम कचरतो. पाण्याची भीती केव्हाच गेलेली असते. इथे भीती आहे लोक काय म्हणतील याची. ही भीती विहिरीपेक्षा खोल, कारण हिला सुखड बांधता येत नाही. तो जातो, मोळी देतो, लोकांची बोलणी खातो, आंघोळ करतो.

आजचा वाचक इथे अडखळतो, आणि त्याने अडखळायलाच हवं. आंघोळ कशाला? मदतही करायची आणि विटाळही पाळायचा, हा कसला धीटपणा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आईची माया हे उत्तर पुरत नाही. शिवाय वेळ आणि जागा पाहा. गुरुजी हे लिहीत होते त्या नाशकात, तुरुंगापासून काही लांब नसलेल्या काळाराम मंदिरापुढे, २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालू झालेला होता. मोळी वाहणाऱ्या म्हातारीची नातवंडं देवळाच्या दारात मार खात उभी होती, कुणी मोळी उचलून देईल याची वाट न पाहता. त्यांचं धैर्य श्यामच्या धैर्याच्या आधीचं आणि त्याहून कितीतरी मोठं. त्या सत्याग्रहाला यश आलं नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. श्यामची गोष्ट वाचताना ही दुसरी गोष्ट शेजारी उघडी ठेवावी, नाहीतर श्याम आहे त्याहून मोठा दिसू लागतो.

मोळीची रात्र लिहिणाऱ्यालाही ती अर्धी राहिल्याचं जाणवलं असावं, कारण पुढची चौदा वर्षं तो उरलेल्या अर्ध्याकडे चालत गेलेला दिसतो. मधला काळ पुन्हा खानदेशचा. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मांडव-कमानींची सजावट नंदलाल बोसांची. आणि लोकांना तिथे आणण्यासाठी खेडोपाडी पायपीट करणाऱ्यांत साने गुरुजी. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक, शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्याचा प्रश्न, गिरणी कामगारांची संघटना. लाजाळू शिक्षकाचा एव्हाना लढणारा माणूस झाला होता. तरी सभेत बोलता बोलता डोळ्यांतून पाणी यायचं ते शेवटपर्यंत थांबलं नाही, आणि त्यांनी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

इथे थोडं वळण घेतो. खानदेशात धैर्याचे दुसरे नमुनेही होते आणि ते जास्त चटकन डोळ्यांत भरतात. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला, तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, मुलांची मिरवणूक निघाली आणि गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा पडला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हेही गेले. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यामागे अमळनेरचे डॉ. उत्तमराव पाटील होते. ही माणसं माळ्यावर कधी लपली असतील असं वाटत नाही. त्यांच्याशेजारी श्याम फिका दिसतो, हे कबूल. पण वर्गात बसलेल्या पस्तीस-चाळीस मुलांपैकी शिरीषकुमार एखादाच असतो. उरलेली श्यामची जात. त्यांना उपयोगी पडेल अशी गोष्ट मराठीत फार थोड्यांनी लिहिली.

१९४७. स्वातंत्र्य दाराशी आलंय आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना बंदच. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा काढला, सभा घेतल्या, आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. सनातनी विरोधात होतेच. धक्का दुसरीकडून आला. उपोषण सोडावं अशी गांधीजींची तार आली. ज्या माणसाच्या शब्दाखातर नोकरी सोडली, तुरुंग पत्करला, त्याने थांब म्हटलं आणि गुरुजी थांबले नाहीत. श्यामच्या सगळ्या प्रवासातला मला सगळ्यात कठीण वाटणारा क्षण हाच. शत्रूपुढे उभं राहणं जमतं. आईसारख्या माणसाचं न ऐकणं श्यामसारख्याला फार जड. दहाव्या दिवशी, १० मेला, मंदिर खुलं होण्याची खात्री झाल्यावर उपोषण सुटलं. मोळीच्या रात्रीतली ती आंघोळ त्यांनी त्या दिवशी निकालात काढली, असं मी मानतो. मंदिरप्रवेशाने दलितांची भाकरी किंवा जमीन सुटली नाही, हा आक्षेपही तितकाच खरा आहे.

आणि एक अप्रिय गोष्ट प्रस्तावनेत सांगायलाच हवी, कारण शाळेतल्या भाषणांत ती गाळली जाते. स्वातंत्र्यानंतर गांधीजींची हत्या झाली, त्यासाठी गुरुजींनी २१ दिवस उपवास केला, १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपलं आयुष्य आपणच संपवलं. वय पन्नास. त्याला बलिदान म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. दुसऱ्यासाठी पाण्यात उतरण्याचं जे बळ श्यामने कमावलं, ते स्वतःला काठावर ठेवण्याच्या कामी आलं नाही. आईने त्याला सगळं शिकवलं. दुखलं तर स्वतःसाठीही कुणाला हाक मार, एवढं शिकवायचं राहून गेलं. निःस्वार्थ धैर्याचं कौतुक करताना त्याची ही बाजू मुलांपासून लपवू नये. हळव्या मुलाच्या शिक्षकाने तर ती विशेष ध्यानात ठेवावी.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संमेलननगरीला गुरुजींचं नाव दिलं गेलं. नाव देणं सोपं असतं. त्यांच्या पुस्तकांपैकी मुलांच्या हातात मात्र एकच पडतं, तेही बहुधा बक्षीस समारंभात, आणि पहिल्या दोन-तीन रात्रींनंतर त्यावर धूळ बसते.

तेव्हा वाचणाऱ्यांना एक विनंती. पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नका. आधी पोहण्याची रात्र घ्या, मग कोटाची, मग मोळीची, आणि शक्यतो मोठ्याने वाचा. घरात एखादं भित्रं पोर असेल तर त्याच्यासमोर वाचा, त्याच्याकडे न बघता. मोळीच्या रात्री आंघोळ कशाला, असं त्याने विचारलं तर सारवासारव करू नका, त्याला नाशिकचं आणि पंढरपूरचं सांगा. ‘श्यामची आई’ संपली की थांबू नका, ‘श्याम’पासून पुढचे तीन खंड मागवा. आई त्यांत फारशी नसते. श्याम एकटाच असतो, आणि त्याला वाचायचं ते तिथेच.